लेबलवर नुसतं ‘पूर – २’

नानांच्या वाड्याचा बिल्डरशी करार झाला तो मे २०२४ मध्ये. दसऱ्याच्या आत जागा मोकळी करून द्यायची होती. जुन्या नाशकातला, गंगेपासून पाच मिनिटांवरचा कौलारू वाडा. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, तेव्हा पुढेही गंगा म्हटलं की तीच समजा. नाना माझे चुलते, तेव्हा वय ८१. सामान आवरायला मी आणि माझी मुलगी गेलो आणि माळ्यावरून तीन लोखंडी ट्रंका खाली आल्या. पहिलीत व्हीएचएस, म्हणजे जुन्या मोठ्या व्हिडिओ कॅसेटी, दुसरीत व्हीएचएस आणि कॅमेऱ्यातल्या छोट्या मिनीडीव्ही कॅसेटी एकत्र कोंबलेल्या, तिसरीत बांधीव फायली आणि सीडींची एक चवड.

नानांनी १९७९ ते १९९१ एक साप्ताहिक चालवलं. शिशाचे खिळे (टाइप) एकेक जुळवून, ट्रेडल या छोट्या छापयंत्रावर छापलेलं, चार पानी. मग १९९६ ते २००९ केबलवर रोज संध्याकाळी पंधरा मिनिटांच्या बातम्या. घरातल्या बाकी सगळ्यांच्या मते दोन्ही उद्योग म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. काकूंनी रद्दीवाला आधीच बोलावून ठेवला होता. त्याने फायलींना किलोला बारा रुपये भाव दिला आणि कॅसेटींकडे बघून म्हणाला, “हे प्लास्टिक कोणी घेत नाही ताई.” त्या नकारामुळेच कॅसेटी वाचल्या असं म्हणायला हरकत नाही. फायली मात्र मी त्याच्या काट्यावरून उचलल्या.

मोजदाद केली: १३८ व्हीएचएस, ६१ मिनीडीव्ही, साप्ताहिकाच्या तेरा वर्षांच्या १२ फायली (१९८४ची गायब) आणि ९ सीडी. मी सातपूरला एका कारखान्यात अकाउंट्स बघते. चित्रीकरण, संग्रहशास्त्र वगैरेशी माझा काडीचा संबंध नव्हता. हे आधीच सांगते, कारण सुरुवातीला मी काय घोळ घातला ते पुढे येतंच आहे.

घरी पोहोचले त्याच रात्री, उत्साहाच्या भरात, भावाकडचा जुना व्हीसीआर आणून वरचीच कॅसेट त्यात सरकवली. दोन मिनिटं चित्र आलं, मग पडद्यावर बर्फ पडल्यासारखं झालं आणि आतून चर्र असा आवाज. टेप गुंडाळली गेली होती. दुसऱ्या दिवशी उजेडात कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर रिळाच्या कडेवर पांढरी नक्षी. बुरशी. नाशकातले पावसाळे, कौलांतून झिरपणारं पाणी आणि पंधरा वर्षं बंद ट्रंक, दुसरं काय होणार? वाईट म्हणजे बुरशी लागलेली एक कॅसेट लावली की तिचे कण व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसतात आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटींना लागतात. म्हणून पहिलं काम काही लावून बघायचं नाही. प्रत्येक कॅसेट टॉर्चने खिडकीतून तपासायची. संशयित असेल ती झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसकट, वेगळ्या खोक्यात. तोंडाला मास्क. उरलेल्या उभ्या ठेवायच्या, पुस्तकांसारख्या. आमच्या १३८ पैकी १७ अशा बाजूला निघाल्या.

जूनमध्ये एका व्यावसायिक सेवेकडे विचारलं. एका कॅसेटला ३५० रुपये, म्हणजे १९९ ला ६९,६५०. नमुन्यादाखल दोन कॅसेटी दिल्या. महिन्याने पेनड्राइव्हवर दोन एमपी४ फायली मिळाल्या. चित्र दाबून दाबून इतकं लहान केलेलं की दुकानांच्या पाट्या वाचता येईनात, आणि दोन्ही फायली बरोबर एका तासावर संपलेल्या. का, असं विचारलं तर म्हणाले, पुढे निळा पडदा होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

त्या महिन्यात मी बरंच वाचलं. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल फिल्म अँड साउंड आर्काइव्हने २०१५ मध्येच इशारा दिला होता की २०२५ पर्यंत ज्या चुंबकीय टेपा डिजिटल होणार नाहीत त्या बहुतेक गेल्याच समजा. टेप खराब होते हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण म्हणजे ती वाजवणारी यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे हात संपत चाललेत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. त्यानंतर नवा व्हीसीआर असा नाहीच. मी २०२४ च्या जूनमध्ये हे वाचत होते. पोटात गोळा आला.

मग घरीच करायचं ठरवलं. व्हीसीआर एका ओळखीच्या टीव्ही मेकॅनिककडे मिळाला, साडेचार हजारांना. पट्टा आणि रबरी रोलर बदलून घ्यायला आणखी बाराशे. हा मेकॅनिक सत्तरीचा आहे आणि दुकान बंद करायच्या बेतात होता. मी वेळेत गेले. व्हीसीआरचं चित्र संगणकात घ्यायला सुरुवातीला पाचशे रुपयांचा यूएसबी डोंगल घेतला, ते पाचशे वाया. अर्ध्या तासानंतर माणसाचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. नंतर ६,२०० चं बरं कॅप्चर यंत्र घेतलं आणि व्हीसीआर व त्याच्या मधे एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला. त्याच्यातून सिग्नल गेला की थरथरणाऱ्या चित्राची लय बरीच सुधारते. ही युक्ती मेकॅनिकची. पुस्तकी भाषेत यासाठी टाइम बेस करेक्टर नावाचं वेगळं यंत्र असतं, पण त्याची किंमत माझ्या आवाक्यातली नव्हती.

मिनीडीव्हीचं प्रकरण वेगळं. तिच्यावर माहिती मुळातच डिजिटल असते. चित्र पुन्हा टिपायचं नसतं, आहे ते फक्त उतरवून घ्यायचं असतं. पण त्यासाठी फायरवायर नावाचा जुन्या पद्धतीचा केबल-जोड असलेला चालू कॅमेरा आणि संगणकात फायरवायर कार्ड लागतं. कॅमेऱ्याला यूएसबीचं भोकही असतं, त्याला भुलू नका. बहुतेक कॅमेऱ्यांत ते फोटोंसाठी किंवा हलक्या प्रतीच्या चित्रासाठी असतं. वापरलेला कॅमेरा नऊ हजारांना पडला. कार्ड १,४००. एका तासाच्या मिनीडीव्हीची फाइल साधारण १३ जीबी होते.

पहिली कॅसेट नीट उतरली ती ४ ऑगस्ट २०२४ ला, रविवारी. त्यानंतरचे नऊ महिने माझ्या संध्याकाळी अशा गेल्या: ऑफिसातून यायचं, कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळायची म्हणजे ताण सारखा होतो, मग लावायची आणि स्वयंपाक करता करता लक्ष ठेवायचं. यात घाई करता येत नाही. दोन तासांच्या कॅसेटला दोन तासच लागतात. दर आठ-दहा कॅसेटींनंतर हेड साफ करायचं. व्हीएचएस मी एफएफव्ही१ या प्रकारात उतरवल्या, त्यात चित्र दाबलं जातं पण त्यातलं काही गाळलं जात नाही. तासाला २५ ते ३० जीबी. बघायला-पाठवायला त्यावरून वेगळी हलकी प्रत काढायची. मूळ फाइलला हात लावायचा नाही, तिचं ‘सुशोभीकरण’ तर अजिबात नाही.

आणि निळा पडदा. तेव्हा कोरी कॅसेट महाग होती, त्यामुळे नाना कालच्या बातम्यांवर आजच्या बातम्या घ्यायचे. बऱ्याच बुलेटिनांचं आयुष्य एक दिवसाचंच. पण नवं चित्रण जिथे संपतं तिथे थोडा निळा किंवा मुंग्यांचा पडदा येतो आणि त्याच्या पलीकडे कधीकधी जुन्या बातमीचं शेपूट शिल्लक असतं. एका कॅसेटवर लेबल होतं ‘शरदचं लग्न’. अडीच तास लग्न, मुलाकडच्यांचं रुसणं वगैरे सगळं, मग सात मिनिटं निळं, आणि त्यानंतर अकरा मिनिटं गंगाघाटावरचा बुधवारचा बाजार, गाड्यांवर चढणारी पाटी-टोपली, अतिक्रमण हटवण्यावरून चाललेला वाद. त्या सेवेने ही कॅसेट केली असती तर लग्नावर थांबली असती. कॅसेट शेवटच्या इंचापर्यंत चालू द्या.

इथवरचं सगळं हमालीचं काम होतं. खरी पंचाईत लेबलांची.

नानांची लेबलं म्हणजे नानांसाठीच लिहिलेली. ‘महासभा गोंधळ’. ‘रस्ता रोको’. ‘कुंभ ३’. ‘पूर – २’. तारीख जवळपास कशावरच नाही. काही चित्रणांत कोपऱ्यात तारीख दिसते, तिच्यावर विसंबू नका. कॅमेऱ्याच्या आतली छोटी बॅटरी संपलेली असली की तो कायम १ जानेवारीच दाखवतो. आमच्याकडे नऊ कॅसेटींवर एकच तारीख होती. एकदा मुलीने विचारलं, “आई, हे तात्यासाहेब आपले कोण?” लेबलवर तेवढंच होतं, ‘तात्यासाहेब’. तिला वाटलं कोणीतरी पणजोबा. लावली तर माणसांची गर्दी, शांत, आणि नानांचा कॅमेरा नेहमीसारखा पुढे घुसत नव्हता, लांबूनच बघत होता. कुसुमाग्रजांची अंत्ययात्रा. १० मार्च १९९९ ला ते गेले, त्यामुळे ही एक कॅसेट तारीख न शोधता लागली. नाशिकबाहेरच्या कोणाला ‘तात्यासाहेब’ या लेबलवरून काय कळलं असतं? आणि अजून वीस वर्षांनी नाशकातल्या तरी कोणाला?

तेव्हा मी कामाचा क्रम बदलला. उतरवण्याचा वेग कमी केला आणि दर रविवारी दुपारी नानांना घरी आणायला लागले. टीव्हीवर कॅसेट, शेजारी मोबाइल रेकॉर्डिंगला लावलेला, आणि नाना बोलतील ते बोलतील. त्यांची स्मृती तोवर पातळ व्हायला लागली होती. सकाळी औषध घेतलं का, ते आठवत नव्हतं. पण पडद्यावर माणूस आला की, “हा बघ, ह्याने माझे तीन महिन्यांचे जाहिरातीचे पैसे बुडवले,” हे चटकन. कोण नगरसेवक, कोण पाठिराखा, कोणती बातमी दाबायला फोन आला होता, कुठला चौक, मागचं चहाचं दुकान कोणाचं. मी वहीत टेपचा मिनिट-सेकंद लिहायचे आणि समोर त्यांचं वाक्य. कधी ते चुकायचेही. दोनदा त्यांनी एकाच प्रसंगाला वेगवेगळी वर्षं सांगितली. म्हणून मी नोंदीत दोन रकाने केले: ‘नाना म्हणतात’ आणि ‘पडताळलं’. दुसरा रकाना अजूनही अर्धा रिकामा आहे. ‘नाना म्हणतात’मधलं मी काही खोडलेलं नाही. अशा रविवारी एकूण एकतीस झाल्या. पुन्हा करायला मिळालं तर मी व्हीसीआर घ्यायच्या आधी या रविवारी सुरू करीन. टेप ट्रंकेत आणखी सहा महिने राहिली असती तरी चाललं असतं.

‘पूर – २’ वर नाना आणि माझं चांगलंच जुंपलं. ते म्हणायचे २००८, म्हणजे १९ सप्टेंबरचा, सराफ बाजारात पाणी आलं होतं तो. मला पटेना. कारण २००८ चे पूर नानांनी मिनीडीव्हीवर टिपले होते, ही व्हीएचएस होती. शिवाय गंगेतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या जेमतेम कमरेला पाणी. नाशकात पुराची मोजपट्टी तीच, कमरेला, छातीला, गळ्याला, बुडाला. मी चित्र थांबवून पाट्या वाचत बसले. एका कापड दुकानाच्या फलकावर सहा आकडी दूरध्वनी क्रमांक होता. नाशिकचे क्रमांक सात आकडी झाले ते नंतर, पण २००८ च्या आधीच. म्हणजे २००८ शक्य नाही. भिंतीवर एका सिनेमाचं पोस्टर होतं, त्यावरून वर्ष आणखी जवळ आलं. नाना म्हणाले, “तू पोलिसात जायला हवं होतंस.” तरी महिना-तारीख लागेना, म्हणून वर्तमानपत्रांकडे वळले.

ज्या गावात १८४० पासून सार्वजनिक वाचनालयाची परंपरा आहे तिथे जुनी वर्तमानपत्रं मिळतात, फक्त मागायची पद्धत असते. मी ३ फेब्रुवारी २०२५ ला एका जुन्या ग्रंथालयात अर्ज दिला. पहिला परत आला, कारण ‘प्रयोजन’ या रकान्यात मी ‘वैयक्तिक’ लिहिलं होतं. दुसऱ्यात ‘स्थानिक इतिहासाच्या दृकश्राव्य साहित्याची तारीखनिश्चिती’ असं भारदस्त लिहिलं, आधारची प्रत जोडली, कोणत्या वर्षांचे कोणते महिने हवेत त्याची यादी जोडली. १९ दिवसांनी होकार आला. फोटोला पानामागे पाच रुपये, फ्लॅश नाही, शाईचं पेन नाही. एकूण १२८ पानं झाली, ६४० रुपये. यादी नेमकी असेल तर तिथली माणसंही मनापासून मदत करतात; ‘९५ ते २००० चं सगळं बघायचंय’ म्हटलं की कोणाच्याही कपाळाला आठी पडणारच. कागद अगदी पिवळा पडलेला होता. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या लिग्निनमुळे तो आम्लाने आतून जळत जातो. पान उलटताना कडेचा चुरा मांडीवर पडत होता. चौथ्या दिवशी, आतल्या पानावर, दोन कॉलमी बातमी सापडली. दुकानात शिरलेल्या पाण्याचं वर्णन तेच, रस्ता तोच. ‘पूर – २’ ला तारीख मिळाली. नानांना फोन केला तर म्हणाले, “मी तेच म्हणत होतो.”

आता कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा आहे पण याच्याशिवाय पुढे जाऊ नका. आपल्या घरच्या ट्रंकेत आहे म्हणजे आपल्या मालकीचं आहे, असं नसतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रणाचा हक्क निर्मात्याचा आणि तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. केबलच्या बातम्यांचे निर्माते नाना, पण पहिली चार वर्षं त्यांचे एक भागीदार होते, ते आता हयात नाहीत. त्यांचा मुलगा पुण्याला. त्याला २० नोव्हेंबर २०२४ ला पत्र लिहिलं, उत्तर ९ जानेवारीला आलं. सात आठवडे. राग नव्हता, त्याला शंका होती की यातून आम्ही पैसे करणार. मी त्याच्या वडिलांचा आवाज असलेली एक फाइल पाठवली, आणि परवानगीत ‘व्यावसायिक वापर नाही’ अशी अट घातली. दोन दिवसांत सही आली.

नानांचं संमतीपत्र त्याआधी नोव्हेंबरातच केलं होतं. सीबीएस म्हणजे जुन्या एसटी स्टँडजवळ कोर्टाबाहेर गेले, शंभराचा मुद्रांक मागितला, तर विक्रेता हसला. ऑक्टोबर २०२४ च्या मध्यापासून महाराष्ट्रात अशा कामांना पाचशेचाच लागतो. पाचशे मुद्रांक, चारशे टायपिंग आणि नोटरी. पत्रात चार गोष्टी स्पष्ट लिहा: काय दिलं त्याची यादी, कोणी पाहू शकतं, कोणी वापरू शकतं, आणि देणारा माणूस गेल्यावर निर्णय कोण घेणार. शेवटचं वाक्य नानांसमोर वाचताना माझा आवाज अडखळला. नाना म्हणाले, “वाच पुढे, नोटरी थांबलाय.”

साप्ताहिकाची मालकी सिद्ध करणं त्या मानाने सोपं गेलं, आणि ही खूण जुनी नियतकालिकं घेऊन बसलेल्या सगळ्यांसाठी. १८६७ च्या छापखाना कायद्यामुळे प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक आणि छापल्याचं ठिकाण द्यावंच लागायचं, शेवटच्या पानाच्या तळाला बारीक टायपात ती ओळ असते. तो कायदा मार्च २०२४ मध्ये गेला आणि नवा आला, पण आपल्या कामाचे अंक जुनेच. शिवाय दरवर्षी मार्चच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म ४’ असतो, त्यात मालकाचं नाव. तो शोधा, फोटो काढा, संमतीपत्राला जोडा. बाहेरच्या लेखकांनी दिलेल्या कथा-कविता मात्र नानांच्या नाहीत, त्या त्या लेखकाच्या. अशी ४० पानं मी झाकून ठेवली आहेत, वारस सापडतील तशी उघडते. आतापर्यंत सहा.

मी नानांना विचारलं, कायद्याने अंक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायचे असत, तुम्ही पाठवलेत का? “पाठवायचो की,” ते म्हणाले, “तिकिटाला पैसे उरले तर.” केबलच्या बातम्यांना तर असं पाठवायचं ठिकाणच नव्हतं. म्हणून ट्रंका.

साप्ताहिकाची पानं उन्हाळ्याच्या सुट्टीत केली. बांधीव फाइल स्कॅनरवर सपाट बसत नाही आणि शिवण उसवायला माझं मन होईना, म्हणून कॅमेरा स्टँडला उलटा टांगला, दोन्ही बाजूंनी दिवे, पानावर स्वच्छ काच. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने एवढ्या पानाला इंचाला साडेतीनशेच्या आसपास ठिपके मिळतात, ते पुरतात. साधारण २४०० पानं, मुलगी पान उलटायची, मी बटण दाबायचे. ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, आमची फजिती केली. टेसरॅक्ट फुकट आहे आणि मराठीही ओळखतो, पण झिजलेले खिळे, तुटलेली शिरोरेखा आणि कॉलमच्या कॉलम चिकटलेले. ‘पाणीपुरवठा’ शोधलं तर तीन जागी सापडायचं, असायचं तीसएक जागी. शेवटी मुलीने आणि मी प्रत्येक अंकाचे मथळे, गावांची नावं हाताने टंकली. सीडींमध्ये नानांनी नंतर काढलेल्या दोन दिवाळी अंकांच्या पेजमेकर या जुन्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या फायली होत्या. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या नव्या आवृत्तीत त्या उघडतच नाहीत, जुनी सीएस६ आवृत्ती लागते. आणि उघडल्यावरही तेव्हाचा जुना, युनिकोड येण्याआधीचा मराठी फॉन्ट संगणकात नसेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी. ९ पैकी ४ सीडी वाचल्याच गेल्या नाहीत. छापील दिवाळी अंक मात्र काकूंच्या कपाटात होते, साडीखाली अंथरलेले, ठणठणीत.

सगळंच चढवायचं नाही, हे ‘कुंभ ३’ ने शिकवलं. २७ ऑगस्ट २००३ ची, नाशिकच्या कुंभमेळ्यातली चेंगराचेंगरी. ती झाली त्या गल्लीच्या तोंडाशी नाना होते. मी बावीस मिनिटं पाहिली आणि बंद केली. बातमीत त्यातले जेमतेम काही सेकंद गेले असतील. ती फाइल मी जपली आहे, तीन प्रतींत, पण जालावर फक्त नोंद आहे: काय आहे, किती मिनिटांचं, कोणाला अभ्यासासाठी हवं तर विचारा. पोलिसांनी तोंडावर फडकं न टाकता नेलेले आरोपी, जे पुढे कदाचित सुटलेही असतील, रिमांड होममधली मुलं, दवाखान्यातल्या खाटा, हेही तसंच. नानांना हे आधी पटलं नाही. “आम्ही दाखवलंच होतं ना तेव्हा?” तेव्हा ते एका संध्याकाळी दिसून जायचं, आता कोणी नाव टाकून शोधलं की कायम समोर येईल. यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या पोराचं काढ मग.” कोणत्या, ते मला माहीत होतं.

जून ते सप्टेंबर २०२५ चढवण्यात गेले. बघण्याच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर ठेवल्या. तिथे प्रत्येक वस्तूचं जे ओळखनाव पहिल्यांदा देतो ते नंतर बदलता येत नाही आणि ते रोमन अक्षरांतच लागतं, तेव्हा आधी कागदावर पद्धत ठरवा: वर्ष, माध्यम, क्रमांक. मी पहिल्या पाच वस्तूंना लाडाने नावं दिली, ती आता जन्मभर तशीच. भाषेच्या रकान्यात मराठी लिहायला विसरू नका, नाहीतर अक्षरओळख भलत्याच भाषेत होते. एका व्हिडिओ संकेतस्थळावरही काही टाकून पाहिलं, तासाभरात हक्काचा दावा आला, कारण नानांच्या बातम्यांची सुरुवातीची धून एका हिंदी सिनेमातली उचललेली. त्या काळी सगळेच उचलायचे. दावा मान्य करून ती फाइल काढली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद होतं, हे मी काम सुरू असतानाच वाचलं होतं. त्यामुळे एकाच जागेवर भिस्त ठेवली नाही. ८ टीबीच्या दोन डिस्का घेतल्या, एक माझ्याकडे, एक भावाकडे सिडकोत. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून संगणक काढतो तो खुणेचा आकडा, काढून तक्त्यात ठेवला आहे. दर सहा महिन्यांनी तो पुन्हा काढायचा आणि जुळवायचा. एक आकडा जरी बदलला तरी फाइल कुठेतरी बिघडली. एप्रिलमध्ये एक बिघडलेली सापडली, दुसऱ्या डिस्कवरून परत आणली. डिस्का भिंतीतल्या कपाटात ठेवू नका, पावसाळ्यात ओल येते. हे मला ट्रंका पाहूनही कळलं नव्हतं.

बुरशीच्या सतरांपैकी सहा त्याच मेकॅनिकने साफ करून दिल्या, सहाशे रुपये एकीचे, त्यासाठी त्याने एक भंगार व्हीसीआर बळी दिला. अकरा अजून पिशव्यांत आहेत. एकूण खर्च ६७,७४०. त्या व्यावसायिक सेवेपेक्षा १,९१० रुपयांनी स्वस्त, आणि चौदा महिने. अकाउंटंटला हा हिशेब कसा दिसतो ते विचारू नका.

वाडा डिसेंबरात पडला. नाना आता आमच्याजवळच, गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर. रविवारी येतात, हल्ली आपणच टिपलेलं बघून विचारतात, “हे कोणी घेतलंय? छान घेतलंय.” मी सांगते.

एक राहिलंच. ‘पूर – २’ आहे म्हणजे ‘पूर – १’ असणार. नाना म्हणतात, १९९७-९८ च्या सुमारास ती कोणीतरी बघायला नेली, परत आणून देतो म्हणाला. कोण, ते आठवत नाही. नाशकात कोणाच्या माळ्यावर, शोकेसमध्ये, लग्नाच्या कॅसेटींच्या गठ्ठ्यात निळ्या शाईने ‘पूर – १’ लिहिलेली व्हीएचएस असेल, तर कृपा करून ती लावून बघू नका. आधी टॉर्चने खिडकीतून बघा, आणि मला कळवा. व्हीसीआर मी अजून विकलेला नाही.